बडोद्याच्या मराठी वार्षिकात आफ्रिकी-कॅरिबियन वारसा : लेखन कोणाचे असावे?

दांडियाबाजार_वाचक (प्रश्न)

सर्व वाचकांना नमस्कार.

बडोद्यात दांडिया बाजार परिसरात आमचे एक लहानसे वाचक मंडळ आहे. दरवर्षी आम्ही सभासदांच्या लेखनाचा एक अंक काढतो. पूर्वी तो हस्तलिखित असे. आता संगणकावर जुळवून मोजक्या प्रती छापून घेतो आणि सभासदांच्या घरी व शहरातील काही ग्रंथालयांत देतो. यंदाच्या अंकासाठी आफ्रिकी आणि कॅरिबियन वारसा हा विषय ठरला आहे. लंडनला लेकीकडे राहून आलेल्या एका ताईंनी तो सुचवला. तिथे १९८७ पासून ऑक्टोबर महिना कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळला जातो, आणि त्या निमित्ताने त्यांच्या वस्तीतील ग्रंथालयात शेजारपाजारच्या सामान्य लोकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तिका मांडल्या होत्या. असे काही आपल्या अंकात यावे, ही ताईंची कळकळ सर्वांना पटली.

आलेले लेख वाचताना मात्र मी अस्वस्थ झालो आहे. मंडेलांचे चरित्र दोघांनी लिहिले आहे, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर एक लेख आहे आणि वेस्ट इंडीजच्या क्रिकेटवर तर अनेक आहेत. माहिती बरोबर आहे, भाषाही नीटस आहे. परंतु हे सारे पुण्यात, नागपुरात किंवा बेळगावात बसूनही जसेच्या तसे लिहिता आले असते. ज्यांचा वारसा आपण साजरा करतो आहोत असे मुखपृष्ठावर छापणार, त्यांच्यापैकी एकाचाही स्वतःचा शब्द आत नाही. ताईंनी पाहिलेल्या पुस्तिकांचे मोल तर नेमके त्यातच होते की लिहिणारा आणि जगलेला माणूस एकच होता.

तेव्हा माझे विचारणे असे आहे की, बडोद्यासारख्या गावात मराठी मंडळाने हा विषय हाती घेतला तर लेखन कोणाकडून यावे, ते मिळवावे कसे, आणि या विषयाचा आपल्या मातीशी जो संबंध आहे तो अंकात कोणत्या वाटेने आणावा? मुद्रणाला अजून अवधी आहे, त्यामुळे आलेले लेख बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करण्याचीही आमची तयारी आहे.

ग्रंथालय_सेवक

आपली अस्वस्थता रास्त आहे, आणि ताईंनी ज्या पुस्तिका पाहिल्या त्यांचा उगमही अशाच अस्वस्थतेत आहे.

२२ जून १९४८ रोजी टिलबरीच्या धक्क्यावर ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून उतारू उतरले आणि पुढच्या वर्षांत जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस येथून असंख्य माणसे ब्रिटनमध्ये कामाला आली. कोणी इस्पितळात लागले, कोणी बसगाड्यांवर, कोणी रेल्वेत. वृत्तपत्रांत त्यांच्याविषयी पुष्कळ छापून येत असे, पण बहुधा एक अडचण म्हणून, आणि तेही दुसऱ्याच कोणाच्या लेखणीने. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेतून हद्दपार होऊन लंडनला आलेल्या क्लॉडिया जोन्स यांनी १९५८ मध्ये ब्रिक्स्टनमधील एका रेकॉर्डच्या दुकानावरच्या खोलीतून ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ सुरू केले. त्याच वर्षी नॉटिंग हिल भागात कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. त्यानंतर ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रसच्या नगरसभागृहात जो कॅरिबियन कार्निव्हल भरला, तो भरवण्यात हेच पत्र पुढे होते. ज्या समाजाला मार पडत होता त्याने आपला सण आणि आपले वर्तमानपत्र एकाच वेळी उभे केले, ही गोष्ट मला अतिशय मोठी वाटते.

पुढे १९६६ मध्ये जॉन ला रोझ आणि सेरा व्हाइट यांनी ‘न्यू बीकन बुक्स’ ही छोटी प्रकाशनसंस्था काढली. हॅकनी भागातील सेंटरप्राइज या पुस्तककेंद्राने १९७० च्या दशकात वस्तीतल्या कष्टकऱ्यांची आत्मकथने छापली. ज्यांनी आयुष्यात कधी लेख लिहिला नव्हता अशी माणसे तिथे लेखक झाली. आपल्याकडच्या हौशी अंकात ज्याला ‘लिहिता येते’ त्याचाच लेख येतो, आणि बाकीचे त्याचे वाचक होतात. त्या चळवळीने ही उतरंडच मोडली.

आणखी एक माणूस या संदर्भात आठवतो. पोर्तो रिकोमध्ये १८७४ साली जन्मलेले आर्तुरो शोम्बर्ग यांना लहानपणी एका शिक्षकाने सांगितले होते की कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही. त्यांनी मग आयुष्यभर नोकरी सांभाळून पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे आणि पत्रके जमवली. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तो संग्रह हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील आपल्या १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेसाठी घेतला. शाखा वस्तीतली होती, हे महत्त्वाचे. बडोदेकरांना हे वेगळे समजावून द्यायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जे जाळे विणले, त्याच्याच सावलीत आपण वाढलो. म्हणून माझी पहिली सूचना ही की, अंकासाठी जे बोलणे ध्वनिमुद्रित कराल, जी छायाचित्रे घ्याल, ती अंक निघाल्यावर कोणाच्या कपाटात जाऊ देऊ नयेत. ती शहरातील ग्रंथालयाला आणि ज्यांच्याकडून घेतली त्यांना, अशी दोन्हीकडे रीतसर द्यावीत.

भरूचनिवासी

मंडळाने लंडनकडे पाहावे, पण त्याआधी नर्मदा ओलांडावी.

भरूच जिल्ह्यातील झगडिया तालुक्यात रतनपोर नावाचे गाव आहे आणि गावाजवळच्या टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज असलेल्या सिद्दी समाजाचे हे फार मोठे श्रद्धास्थान. बावा गोर, त्यांचे बंधू बावा हबश आणि भगिनी माई मिसरा या तिघांना ते आपले पूर्वज-संत मानतात. दर्ग्यात मुसलमानांइतकेच हिंदू आणि पारशी भाविकही येतात. या डोंगरांत अकीक सापडतो, आणि अकीकाचा धंदा बावा गोरनेच सुरू केला अशी इथली श्रद्धा आहे. खाणीतून निघतो तेव्हा हा दगड मळकट, पिवळसर-तपकिरी, हातात घ्यावासाही वाटणार नाही असा असतो. तो उन्हात दीर्घ काळ वाळवतात, मग मातीच्या मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. त्यातल्या लोहाचा रंग उष्णतेने पालटतो आणि तो लाल होतो. खंभातचे कारागीर मग त्याला पैलू पाडून मणी करतात. असे मणी या किनाऱ्यावरून पूर्व आफ्रिकेच्या बंदरांना शतकानुशतके जात होते. माणसे तिकडून इकडे आली, कोणी खलाशी आणि सैनिक म्हणून, पुष्कळ गुलाम म्हणून, आणि मणी इकडून तिकडे गेले. एका अंकाला पुरून उरेल एवढा विषय तर एवढ्यातच आहे.

धमाल, म्हणजे सिद्दींचा नाच, आपल्यापैकी अनेकांनी सरकारी महोत्सवात पाहिली असेल. मोरपिसांचा साज, रंगवलेले चेहरे, हवेत उडवून डोक्याने फोडलेला नारळ. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. दर्ग्यासमोर तीच धमाल पाहिली म्हणजे कळते की ती आधी इबादत आहे आणि नंतर खेळ. तिथे मलुंगा हे वाद्य जवळून पाहावे. बांबूचा धनुष्यासारखा वाकवलेला दांडा, त्याला ताणून बांधलेली तार आणि मध्यावर बांधलेला पोकळ भोपळा. वादक भोपळा पोटाशी धरतो, एका हाताने बारीक काडीचा आघात करतो आणि दुसऱ्या हाताने तार दाबून स्वर बदलतो. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांनी जपलेला बेरिम्बाउ याच कुळातला आहे; तिथेही धनुष्य, तार, भोपळा, काडी. अटलांटिकच्या पलीकडे आणि नर्मदेच्या काठी एकच ठेवा दोन समाजांनी एकमेकांना न पाहता सांभाळला. हा वारसा साजरा करायचा तर हे वाद्य वाजवणाऱ्याला विचारावे की ते कोणी शिकवले, भोपळा कुठून आणतात, आणि मुले शिकतात का.

आता लेखनाविषयी. गुजरातमधले सिद्दी घरात गुजराती बोलतात. तुम्ही मराठीत सुंदर लेख छापाल आणि ज्याच्याविषयी तो आहे त्याला एक ओळ वाचता येणार नाही, हे बरे दिसणार नाही. बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती वाचायला कष्ट पडत नाहीत. तेव्हा डाव्या पानावर त्यांचे शब्द त्यांच्याच गुजरातीत आणि उजव्या पानावर मराठी, अशी मांडणी करावी. नाव त्यांचे छापावे, खाली अनुवादकाचे. मुलाखत घेणाऱ्याचे नाव मथळ्याखाली ठळक आणि बोलणाऱ्याचे कुठेतरी मजकुरात, ही आपली जुनी सवय या अंकापुरती तरी सोडावी.

आणि केवळ धमाल व दर्गा एवढ्यावर थांबू नये. सौराष्ट्रातील जांबूरच्या हिरबाई लोबी यांनी सिद्दी स्त्रियांना बचत आणि शेतीच्या वाटेने उभे केले व २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिकणारी मुले, ट्रक चालवणारे, खेळाडू, शिक्षिका, सगळेच या वारशात येतात. ‘तुमच्याकडे नाच कसा असतो’ या एका प्रश्नापलीकडे त्यांना कोणी फारसे विचारत नाही.

सयाजीबाग_फेरी

भरूचनिवासींचे म्हणणे मला मान्य आहे. तरी एका गोष्टीबाबत सावध करणे आवश्यक वाटते. मुलाखत कोण घेतो यावर माणूस काय सांगतो ते ठरते.

अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारच्या लेखन प्रकल्पाने, एके काळी गुलाम असलेल्या वृद्धांच्या २,३०० हून अधिक कथनांचा संग्रह केला. त्या पिढीचा एवढा मोठा ठेवा दुसरा नाही. परंतु विचारणारे बहुसंख्य गोरे होते, काही तर त्याच गावच्या जुन्या मालकांच्या नात्यातले, आणि काळ मंदीचा. मग उत्तरे जपून दिली गेली, ‘मालक बरा होता’ असे म्हटले गेले, आणि उच्चार लिहिताना बोलणाऱ्याचे हसे होईल अशी स्पेलिंगे वापरली गेली. व्हर्जिनियात हॅम्पटन येथील कृष्णवर्णीय गटाने हेच काम केले तेव्हा त्याच पिढीच्या तोंडून फटक्यांच्या, विकल्या गेलेल्या मुलांच्या, पळून जाण्याच्या गोष्टी अधिक मोकळेपणाने आल्या. म्हणून सिद्दी तरुण-तरुणींनीच आपल्या आजी-आजोबांना विचारावे. मंडळाने यंत्र, वही, प्रवासखर्च आणि मानधन द्यावे, आणि छापण्याआधी मजकूर वाचून दाखवून होकार घ्यावा. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी त्यांची गाणी उतरून घेतली म्हणून ती आज आपल्याजवळ आहेत. उतरून घेणारा घरचा होता, त्याने बोली ‘शुद्ध’ करण्याचा आगाऊपणा केला नाही, हे त्या गाण्यांचे भाग्य.

मराठी माणसाने या विषयात पाहुण्यासारखे वावरण्याचेही कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना होती ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा ही इच्छा त्यांनी तिथेच नोंदवली. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये याच शहरात नोकरीला आले, आणि जात कळताच राहत्या जागेतून त्यांना बाहेर काढले गेले. त्यानंतर सयाजीबागेतल्या ज्या झाडाखाली ते बसले, ते आपण सर्व जाणतो. त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव थेट अमेरिकेतील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले गेले. आपल्याकडे ज्यांना लिहू दिले गेले नाही त्यांनी लिहायला घेतले, त्या घडणीत आफ्रिकी अमेरिकनांचे ऋण आहे. हे ऋण अंकाच्या संपादकीयात स्पष्ट शब्दांत मान्य व्हावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मलिक अंबरांना मात्र विसरू नये. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८ च्या सुमारास जन्मलेला, बाजारातून बाजारात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये त्याने खडकी (पुढचे औरंगाबाद) वसवली, तिला खापरी नळांनी पाणी आणले, आणि १६२४ च्या भातवडीच्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. शाळेत आपण त्याला एका ओळीत उरकतो. खुलताबादला त्याची कबर आहे. ती पाहून आलेल्या कोणा सभासदाने लिहावे.

दांडियाबाजार_वाचक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. डावे-उजवे पान ही मांडणी काल मंडळात मांडली आणि ती तत्काळ मान्य झाली. मानधनाची तरतूदही वर्गणीतून करू. विद्यापीठात शिकणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांनाही विचारावे असे काहींचे म्हणणे आहे. फत्तेगंज भागात ते आपल्या रोजच्या पाहण्यातले, पण त्यांच्याशी आपले बोलणे ‘कोणत्या देशाचे’ यापुढे जात नाही. कॅरिबियन भागाचे काय करावे, हे मात्र अजून उमगत नाही. तिथला बडोद्यात कोणीही आमच्या ओळखीचा नाही.

मांजलपूरकर

विद्यार्थ्यांना जरूर विचारावे, पण त्यांना आफ्रिकेचे प्रतिनिधी करू नये. टांझानियाच्या मुलीला तिच्या गावातल्या सकाळीविषयी किंवा बडोद्यात घर भाड्याने मिळवताना आलेल्या अनुभवाविषयी लिहू द्यावे. घरमालकांविषयी ती जे लिहील ते आपल्याला रुचेलच असे नाही. तरीही ते कापू नये.

कॅरिबियन भागासाठी क्रिकेटचे लेख फेकून देण्याची गरज नाही. त्यांना दुसरीकडून धरावे. १९७१ च्या दौऱ्यात गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, हे आपल्याला पाठ आहे. त्या पराक्रमावर त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर यांनी कॅलिप्सो रचला, हेही अनेकांना ठाऊक असेल. पण कॅलिप्सो म्हणजे काय, यावर कोणी लिहीत नाही. त्रिनिदादमध्ये ताजी घटना, महागाई, पुढाऱ्याची फजिती, खेळातला पराभव, सारे काही कॅलिप्सोत गाऊन चौकात पोहोचत असे; वस्तीने वस्तीसाठी चालवलेले ते तोंडी वर्तमानपत्रच होते. ज्या बेटावर आपला संघ जिंकला, तिथल्या गायकाने पाहुण्या फलंदाजाचा गौरव आपल्या लोकगीतात केला. या औदार्यावर एक लेख व्हावा, आणि तो शाहिरी परंपरा जाणणाऱ्या सभासदाने लिहावा.

दुसरी वाट बोलीची आहे. जमैकाच्या लुईज बेनेट यांनी १९४० च्या दशकापासून आपल्या बेटाच्या बोलीत कविता लिहिल्या. बाजारातली भाजीवाली, ट्रामच्या गर्दीतली बाई ज्या भाषेत बोलते तीच कवितेची भाषा. ‘ही काय भाषा आहे का’ असे म्हणणाऱ्यांना त्यांनी कवितेतूनच उत्तर दिले. लंडनमधून बीबीसीचा ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ हा कार्यक्रम १९४३ ते १९५८ पर्यंत चालला, तो सुरू केला जमैकाच्याच ऊना मार्सन यांनी. बेटांवरून पोस्टाने आलेल्या कथा-कविता तिथे वाचल्या जात आणि लिहिणाऱ्याला मानधन मिळे. बडोद्याच्या मराठीतही गुजरातीची ऐट आहे, जिला पुण्याचे पाहुणे हसतात. आपल्या अंकात ती मराठी न सुधारता छापली तर लुईज बेनेट यांच्यावरच्या लेखाला अर्थ येईल.

तिसरे डेरेक वॉलकॉट यांच्याविषयी. सेंट लुशियाच्या या कवीला १९९२ मध्ये नोबेल मिळाले, आणि त्यांनी आपले भाषण सुरू केले ते त्रिनिदादमधील फेलिसिटी या खेड्यातल्या रामलीलेपासून. त्या बेटावर ३० मे १८४५ रोजी गिरमिटियांचे, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे, पहिले जहाज लागले होते. त्यांच्या वंशजांची ती रामलीला. वॉलकॉट प्रांजळपणे म्हणतात की लेखकाच्या सवयीने आपण तिथे काहीतरी हरवल्याची खूण शोधत होतो, आणि ती करणारी मुले मात्र पूर्ण श्रद्धेने, आनंदाने आपले काम करत होती. रतनपोरला जाणाऱ्या प्रत्येक सभासदाने हे जाण्यापूर्वी वाचावे असे मला वाटते. आपणही तिथे हरवलेली आफ्रिका शोधायला जाऊ, आणि समोर उभ्या असलेल्या गुजराती बोलणाऱ्या, आपल्या संतावर प्रेम करणाऱ्या, आजच्या माणसाकडे लक्षच जाणार नाही.

भरूचनिवासी

मांजलपूरकरांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे.

जाण्याविषयी एवढेच सांगतो. गुरुवारी आणि उरुसाच्या दिवसांत दर्ग्यावर गर्दी असते, त्या वेळी कोणाला निवांत बोलता येणार नाही. मधला एखादा दिवस धरावा. पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रण यंत्र बाहेर काढू नये. मंडळाचे जुने अंक बरोबर घेऊन यावे, म्हणजे आपण काय करता ते त्यांना हातात घेऊन पाहता येईल, आणि अंकात आपले नाव कसे व कुठे छापायचे हे ते स्वतः सांगू शकतील.